भिंतीवरची साठ वर्षं

नोकरीच्या मुलाखतीला मी अकरा वर्षांचा अनुभव, दोन शिफारसपत्रं आणि मोजमापाच्या सामानाची पिशवी घेऊन गेले, आणि त्या माणसानं मला विचारलं काय, तर घरात कोण कोण असतं.

"मी आणि माझे वडील," मी म्हटलं.

"वय काय त्यांचं?"

"एक्क्याऐंशी."

"घर भाड्याचं?"

"नाही. आजोबांनी घेतलेलं. बाबांचा जन्म तिथलाच."

"वा," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच पेनचं टोपण काढलं. "म्हणजे ऐंशी वर्षं एकच घर. मधे कधी रंगबिंग काढलात?"

मी हसले. म्हटलं, आमच्या भिंतींना रंग लागायचा तर आधी कोणाला तरी लॉटरी लागायला हवी. हेही त्यानं लिहून घेतलं.

आता कोणीही म्हणेल, बाई, तेव्हाच उठायला हवं होतं. खरं आहे. पण चौदा महिने घरी बसलेल्या माणसाला कोणी चहा विचारला तरी त्यात माया दिसते. मला वाटलं, भला माणूस आहे, घरची चौकशी करतो. मोजमापाची पिशवी मी उघडलीसुद्धा नाही. तासाभरात नोकरी पक्की झाली आणि जिना उतरताना मी रडले. वेडी होते, दुसरं काय.

त्याआधी मी एका संग्रहालयात होते. तिथलं माझं काम म्हणजे वस्तू मोजायची, तिचे टवके, भेगा, डाग पाहायचे आणि सगळं कार्डावर उतरवायचं. मग संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद झालं, आणि दुरुस्ती करायचीच सगळे विसरून गेले. मी जुन्या वस्तूंच्या दुकानांचे उंबरे झिजवायला लागले. एकाला पोरसवदा मुलगी हवी होती, दुसऱ्यानं धूळ झाडायचं काम देऊ केलं. तिसरा निदान स्पष्ट बोलला. तो म्हणाला, "आमच्याकडे अनुभवी माणूस चालत नाही. अनुभवी माणूस प्रश्न विचारतो."

मला नोकरी हवी होती ती बाबांसाठी. बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि आता तीन वर्षांपासून त्यांचीच पानं मागेपुढे व्हायला लागली होती. गॅस चालू ठेवायचे. मला कधी आईच्या नावानं हाक मारायचे, मग स्वतःच ओशाळायचे. पालिकेच्या वृद्ध विभागातली एक बाई दर दोन महिन्यांनी येऊन आमच्याकडे बघून जायची. वाईट नव्हती ती, पण तिच्या फायलीत एक अर्ज होता. मला कमाई नाही, हे एक कारण तिनं आधीच लिहिलं होतं. दुसरा रकाना अजून रिकामा होता: स्मृती ढळल्याचा डॉक्टरी दाखला. तो कागद आला की बाबांना शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात हलवणार. मी एकदा जाऊन पाहिला होता तो आश्रम. चाळीस खाटा, आणि चाळीस जण भिंतीकडे तोंड करून. बाबांना तिथे जाऊ द्यायचं नाही आणि तो कागद होऊ द्यायचा नाही, एवढं एकच मी ठरवलं होतं. म्हणून मी त्यांना डॉक्टरकडेच नेत नव्हते. सर्दी झाली तरी काढा करून पाजायचे.

तर मी नोकरीला लागले.

जुन्या वस्तूंचं ते दुकान दोन खोल्यांचं होतं. पुढच्या खोलीत पिवळे दिवे, काचेची कपाटं, गालिचा आणि मालक, माझी मुलाखत घेतलेले. मालकांचा आवाज इतका मऊ होता की गिऱ्हाइकाला पुढे झुकावंच लागायचं. मागच्या खोलीत स्पिरिटचा आणि सरसाचा वास, आणि पॉलिशवाला. हा साठीचा, काळवंडलेल्या बोटांचा माणूस दिवसभरात चार वाक्यं बोलायचा, त्यातली तीन लाकडाशी. खुंटीला तपकिरी किनारीचा एक बायकी एप्रन लटकत होता. माझ्या मापाचा निघाला.

"कोणाचा हा?" मी विचारलं.

"आधीच्या बाईंचा."

"सोडून गेल्या?"

"त्यांची आई गेली," पॉलिशवाला म्हणाला आणि पुन्हा खुर्चीचा पाय घासायला लागला. आई गेली म्हणून नोकरी कशाला सोडायची, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण नवीन माणसानं नाक खुपसू नये, म्हणून गिळला.

दुकानात एक शब्द फार चालायचा. एखादी वस्तू आली की मालक विचारायचे, "हिला घर आहे का?" म्हणजे ही वस्तू आधी कुठे होती, कोणाकडे होती, हे सांगणारं कोणी आहे का. साठ वर्षं एका घरात नांदल्याचा पुरावा असला की मोठी गिऱ्हाइकं डोळे मिटून घेतात. घर नसलं की तीच वस्तू मागच्या खोलीत कापडाखाली पडून राहते. मला हे सगळं ओळखीचं होतं. संग्रहालयातही आम्ही हेच बघायचो, फक्त आम्ही घर शोधायचो.

तिसऱ्या आठवड्यात मालक म्हणाले, "बाई, एक अडचण आहे. मागच्या भिंतीला ओल आली आहे. एक चित्र थोडे दिवस तुमच्याकडे ठेवता? तुमचं घर कोरडं आहे म्हणालात."

खाली लाँड्री आहे ना आमच्या. दिवसभर इस्त्रीची ऊब वर येते. मी मुलाखतीत हेही बोलून बसले होते.

चित्र एका बाईचं होतं. निळी शाल पांघरून खुर्चीत बसलेली, हात मांडीवर, आणि बघणाऱ्याच्या किंचित मागे कुठेतरी नजर. चांगलं चित्र, खरं चित्र. मी ते उलटं केलं, कारण शहाणा माणूस चित्र आधी मागून बघतो. चौकटीच्या लाकडावर बोटभर लांबीची जागा नुकतीच तासलेली होती. तिथे काहीतरी लिहिलेलं होतं, कोणाचं नाव, घराचा क्रमांक, काहीतरी. तासल्यावर वरून मळकं पॉलिश फिरवलं होतं.

"हे काय?" मी पॉलिशवाल्याला विचारलं.

"वाळवी होती," तो म्हणाला. वाळवी अशी सरळ रेषेत खात नाही, हे मला माहीत होतं. आणि मला माहीत आहे हे त्यालाही कळलं. त्यानं पुन्हा फडकं उचललं आणि मी चित्र सरळ केलं.

चित्र घरी आलं. पॉलिशवाल्यानं समोरच्या खोलीत, बाबांच्या खुर्चीसमोर टांगलं. आणि मी, अकरा वर्षांची सवय, लगेच पिशवीतून कार्ड काढलं. वस्तू जिथे जाईल तिथे तिचं कार्ड झालंच पाहिजे, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. वस्तू: तैलचित्र, स्त्री, निळी शाल. माप. स्थिती. ठिकाण: पहिला मजला, समोरची खोली, पूर्वेची भिंत. शेवटचा रकाना 'केव्हापासून' असा होता. तो मी रिकामा ठेवला आणि खाली सही केली.

हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. पण संग्रहालयाचा नियमच तसा होता. जो मोजतो त्यानं तारीख लिहायची नाही, तारीख नोंदणी अधिकारी लिहितो. एकाच हातानं दोन्ही लिहिलं तर लबाडी करणं सोपं जातं, म्हणून. मी कार्ड मालकांना दिलं. त्यांनी ते वाचलं आणि जपून खिशात ठेवलं.

"तुमचं अक्षर फार सुरेख आहे," ते म्हणाले. मी चक्क लाजले.

पहिल्या दिवशी बाबांनी चित्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही कोण?"

"दुकानातलं चित्र आहे बाबा. थोडे दिवस."

"हं. इथलं नाही ते," बाबा म्हणाले. किती स्पष्ट म्हणाले होते. छापखान्यात चुकीचं अक्षर दिसलं की म्हणत असतील, तसे.

पुढच्या रविवारी मालक फळं घेऊन आले. चित्राला ऊब मानवते का ते बघायला आलो, म्हणाले. बाबांना 'काका' म्हणायला लागले. दोन तास बसले. बाबांची तीच गोष्ट त्यांनी चार वेळा ऐकली आणि चारही वेळा नव्यानं हसले. मला तर दुसऱ्याच वेळी स्वयंपाकघरात काम आठवायचं. मला अपराधी वाटलं. परका माणूस माझ्या बापाशी माझ्यापेक्षा मायेनं बोलतो, आणि मी भांडी आदळते.

मग दर रविवारी यायला लागले. मी चहा करायला आत गेले की मला त्यांचा मऊ आवाज ऐकू यायचा.

"काका, तुमच्या आईला निळा रंग आवडायचा ना?"

"आईला? असेल."

"आणि ती इथेच बसायची, या चित्राखाली."

"इथे बसायची. खिडकीपाशी."

"खिडकीपाशी, म्हणजे चित्राखालीच की."

"हो," बाबा विचार करून म्हणाले. "तिथेच."

मी चहा घेऊन बाहेर आले. काय म्हणणार होते? बापाला कोणीतरी जुन्या आठवणी विचारतं आहे, त्याला बोलतं करतं आहे, यात ओरडण्यासारखं काय होतं? तरी कप ठेवताना मी दोघांच्या मधे उभी राहिले. मग मी स्वतःला समजावलं. नोकरी आहे, बाबा घरी आहेत, वृद्ध विभागातल्या बाईनं मागच्या खेपेला फाईल न उघडताच चहा घेतला. आणखी काय पाहिजे?

दुसऱ्या महिन्यात बाबा चित्राशी बोलायला लागले. तिसऱ्यात, मी चित्रावरची धूळ पुसायला गेले तर अंगावर आले. "आईला हात लावू नकोस," म्हणाले. त्यांची आई मी पाहिलेली आहे. बुटकी, गोल, कपाळावर भाजल्याचा डाग, आणि हसली की सगळं अंग हसायचं. मी अल्बम काढून तिचा फोटो दाखवला. बाबांनी तो बराच वेळ पाहिला.

"ही स्वयंपाकाला यायची का आपल्याकडे?" त्यांनी विचारलं.

त्या दिवशी मी जेवले नाही. आठवणी जातात, हे मी मान्य केलं होतं. एकेक दिवा मालवावा तशा जातात, आपण हात धरून बसायचं. पण कोणी हातानं आजीला काढून तिथे दुसरीच बाई बसवील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

सोमवारी दुकानात मी मागच्या खोलीतल्या कपाटातली मालकांची जुनी विक्रीची पुस्तकं काढली. दरवर्षी ते एक छापतात, गुळगुळीत कागदाचं, रंगीत फोटोंचं. गेल्या वर्षीच्या पुस्तकात एक कोरीव पेटी होती. मागे हिरव्या पट्ट्यांची भिंत, बाजूला खुर्चीत एक म्हातारी. खाली लिहिलेलं: एका कुटुंबात तीन पिढ्या. पान उलटलं. एक घड्याळ. तीच भिंत, तीच म्हातारी, वेगळं लुगडं. आणखी चार पानांनी चांदीचा आरसा. भिंत तीच. म्हातारी आता बारीक झाली होती आणि मान एका बाजूला कलली होती. तिच्या खांद्यावर एक हात होता, फोटोच्या कडेला कापलेला. हातामागे एप्रनची तपकिरी किनार दिसत होती.

मी तोच एप्रन घालून उभी होते.

पॉलिशवाला दारात येऊन थांबला होता. तो म्हणाला, "आई होती तोवर त्या घरातून नऊ वस्तू गेल्या. मग घर संपलं."

"आणि त्या बाई?"

"त्यांच्या सह्या होत्या ना सगळीकडे," तो म्हणाला. "कुठे जाणार. गाव सोडलं म्हणतात." मग त्यानं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि होतं तिथे ठेवलं. हळू आवाजात म्हणाला, "ताई, मी बावीस वर्षं आहे इथे. मला काही विचारू नका. मी सांगत नाही असं नाही, पण मग मला मोजूनमापून खोटं बोलावं लागतं."

मी तडक पुढच्या खोलीत गेले आणि मालकांना म्हणाले, "ते चित्र आजच्या आज आमच्या घरातून न्या. आणि रविवारी येत जाऊ नका."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खणातून माझं कार्ड काढलं. माझं सुरेख अक्षर, माझी सही. 'केव्हापासून' या रकान्यात, वेगळ्या शाईत, साठ वर्षांपूर्वीचं एक साल होतं.

"हा रकाना तुम्ही मला भरायला ठेवलात," ते म्हणाले. "मी भरला. नियम तुमचाच."

लबाडी होऊ नये म्हणून केलेला नियम. मी स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही मापं लिहून.

"चित्र जाणारच आहे," ते मऊ आवाजात म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या तपासनीस बाई शुक्रवारी तुमच्या घरी येतील. काकांशी बोलतील, एवढंच. आणि हो, खिळा ढिला झाला होता, म्हणून गेल्या गुरुवारी पॉलिशवाल्याला तुमच्या घरी पाठवलं होतं. काकांनी सांगितलं असेलच."

बाबांनी सांगितलं नव्हतं. बाबांना गुरुवार आठवत असता तर मग काय हवं होतं.

शुक्रवारपर्यंत मी एकच गोष्ट मनात घट्ट धरून बसले. खरं सांगायचं. नोकरी गेली तर गेली, पुन्हा उंबरे झिजवीन, लाँड्रीत इस्त्री करीन. पण आजीची जागा आजीला परत द्यायची. माझ्याकडे पुरावाही होता, आणि तो कोणाला बदलता येण्यासारखा नव्हता. चित्र साठ वर्षं एका जागी लटकलं की भिंतीवर त्याची जागा उरते. आजूबाजूचा रंग धुरानं, उजेडानं विटतो, चित्रामागचा चौकोन ताजा राहतो. अकरा वर्षांत असे शेकडो चौकोन मी पाहिले होते. तीन महिन्यांत तसा चौकोन होत नाही. चित्र खाली काढा, भिंत बघा, संपलं. या एका विचारावर मी चार रात्री शांत झोपले.

तपासनीस बाई सकाळी दहाला आल्या. केस बारीक कापलेले, पांढरे सुती हातमोजे, वही. मला त्या बघताक्षणी आवडल्या. चित्रासमोर त्यांनी आधी वाकून कडा बघितल्या. संग्रहालयात अशा बाईच्या हाताखाली मी जन्म काढला असता. मालक कोपऱ्यात हात बांधून उभे राहिले. बाबांना मी स्वच्छ सदरा घातला होता. ते ताठ बसले होते.

"चित्र इथे केव्हापासून आहे?" बाईंनी विचारलं.

"तीन महिन्यांपासून," मी म्हटलं. "दुकानातून आणलं. आमचं नाही हे."

मालकांनी फक्त बाबांकडे पाहिलं. बाबा बोलले.

"चूक आहे," बाबा म्हणाले. कित्येक महिन्यांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. खणखणीत, छापखान्यातला. "माझी आई याखाली बसायची. खिडकीपाशी. तिला निळा रंग आवडायचा. मी बावीस वर्षांचा होतो तेव्हा मोठा ताप आला होता, मी याच्याकडे बघत पडून असायचो. शालीच्या घड्या मोजायचो. सतरा आहेत."

बाईंनी घड्या मोजल्या. सतराच होत्या.

"बाबा," मी म्हटलं. मग बाईंकडे वळून म्हटलं, "चित्र खाली काढा. भिंत बघा. तुम्हाला कळेल."

त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा काहीतरी चमकलं. आपल्यातलाच माणूस बोलतो आहे, हे त्यांनी ओळखलं. मालक पुढे झाले आणि दोघांनी मिळून चित्र उचललं.

भिंतीवर चौकोन होता.

चौकोन नीट होता. आतला रंग फिका पिस्ता, आमच्या घराचा मूळ रंग, जो मी लहानपणी पाहिल्याचं मलाही अंधुक आठवतं. कडेला काजळीची बारीक रेघ, वर जाड, खाली विरळ, धूर वर चढतो तशी. एका कोपऱ्यात कोळ्याच्या जुन्या जाळ्याचा डाग. मी जवळ गेले, नाक लावून पाहिलं. नखानं खरवडायची इच्छा झाली, पण कुठे खरवडायचं तेच कळेना. गुरुवारी खिळ्याच्या निमित्तानं आलेल्या पॉलिशवाल्याच्या स्पिरिटचा वाससुद्धा नव्हता. मी संग्रहालयात असते तर सही केली असती. एक क्षणभर, देवाशपथ सांगते, मला वाटलं की माझंच डोकं फिरलं आहे. चित्र इथेच होतं, आजी निळ्या शालीत बसायची, आणि ती बुटकी गोल बाई मीच कुठून तरी आणली.

बाईंनी माझं कार्ड पिशवीतून काढलं. "हे अक्षर तुमचं?"

"हो. पण साल मी लिहिलेलं नाही."

"साल दुसऱ्यानंच लिहायचं असतं," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे ते. मीही तसंच शिकले." त्यांनी वही गुडघ्यावर ठेवली. त्या आडमुठ्या नव्हत्या. मला संधी देत होत्या, हे मला दिसत होतं. "हे बघा, घरातल्या दोन माणसांचं म्हणणं जुळत नाही. भिंत तुमच्या वडिलांच्या बाजूनं आहे. तरी तुम्ही म्हणाल तर मी हे इथे थांबवते. पण मग मला लिहावं लागेल की यांची स्मृती भरवशाची नाही. तसं लिहिलं की पालिकेला कळवावं लागतं, मग सरकारी डॉक्टर येऊन तपासतात, दाखला देतात. पुढचं तो दाखला बघून ठरेल." पेन उघडून त्यांनी विचारलं, "यांची आठवण ठीक नाही का?"

खोलीत खालच्या इस्त्रीची ऊब येत होती. मालक माझ्याकडे बघत नव्हते. ते बाबांच्या खांद्यावरचा सदरा सारखा करत होते.

मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते. त्यांना प्रश्न कळला होता. इतर काही कळो न कळो, हा प्रश्न त्यांना नेमका कळला होता. गेली तीन वर्षं या एका प्रश्नाला ते घाबरत होते, गॅसपाशी, दारापाशी, माझ्या नावापाशी. त्यांचा खालचा ओठ थरथरत होता आणि तो मला दिसू नये म्हणून त्यांनी मान वर केली होती.

चाळीस खाटा मला दिसल्या. भिंतीकडे तोंड केलेली माणसं दिसली. आणि आजी दिसली, कपाळावरच्या डागासकट. तिला मी मनातल्या मनात काय म्हणाले ते मी कोणाला सांगणार नाही.

"आठवण चांगली आहे त्यांची," मी म्हटलं. "चूक माझी झाली. मी लहानपणी फारशी या खोलीत नसायचे."

बाईंनी लिहून घेतलं. त्यांना वाईट वाटलं असावं, पण त्यांनी लिहून घेतलं आणि मी सही केली.

बाबांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी माझा हात धरला आणि त्यावर दुसरा हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. "ऐकलंत ना?" ते बाईंना म्हणाले. "माझी मुलगी आहे ही. खोटं बोलत नाही." आणि मग खुर्चीत सरसावून बसले, कितीतरी दिवसांनी पाय घट्ट टेकवून. "विचारा अजून काय विचारायचं ते. मला सगळं आठवतं."

"पुरे काका, आज एवढं पुरे," मालक म्हणाले. त्यांनी बाबांची पाठ थोपटली, आणि बाई वही बांधत असताना ते उठून आमच्या आतल्या खोलीच्या भिंती बघायला गेले.